गाळा नंबर चारचा शेरा

“पाच पानांच्या वर जाऊ देऊ नका अण्णा, जाहिराती लई आल्यात,” असं म्हणत शिवप्रसादनं जुन्या फोटोंची पिशवी सोमशेखरच्या मांडीवर ठेवली आणि चहा नको-नको म्हणत दोन कप पिऊन तो गेला. शिवप्रसाद म्हणजे बँकेचा नवा मॅनेजर. वय पस्तिशीचं, बोलणं गोड आणि पायाला भिंगरी. कागलच्या श्री सिद्धकल्याण नागरी सहकारी बँकेला त्या साली, म्हणजे दोन हजार सहाला, पन्नास वर्षं पुरी होत होती. समारंभ होणार होता, स्मरणिका निघणार होती आणि तिच्यात बँकेच्या इमारतीचा इतिहास निवृत्त हेडक्लार्क सोमशेखर हत्ती यांनी लिहावा, असा ठराव संचालकांनी एकमतानं केला होता.

एकमत व्हायला अवघड काहीच नव्हतं, कारण जुन्यातलं लिहिणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. सोमशेखरचं आडनाव हत्ती, पण अंगावर मूठभर मांस नाही. लोक त्यावरून जन्मभर हसले आणि तोही त्यांच्याबरोबर हसला. एकोणीसशे एकोणसत्तर साली तो बँकेत चिकटला, तो पस्तीस वर्षांनी गळ्यात हार घेऊनच बाहेर पडला. एवढ्या वर्षांत त्यानं एका पैशाला हात लावला नाही, की तो कुणाला चढ्या आवाजात बोलला नाही. गावात त्याच्याबद्दल कुणालाही विचारा, ‘देवमाणूस’ हाच शब्द यायचा. तो शब्द कानावर पडला की सोमशेखर आपली चप्पल शोधायला लागायचा.

“मान दिला की वो तुम्हांस्नी,” त्याची बायको चन्नम्मा कपबश्या गोळा करत म्हणाली. “आनि त्वांड का असं केलंयसा? सुतकात बसल्यागत?”

“काय न्हाय,” सोमशेखर म्हणाला.

काय नाही कसं? त्या इमारतीच्या इतिहासात एक ओळ खोटी होती आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली होती. तेरा वर्षं झाली होती त्याला. जिच्यापासून त्यानं पगाराची पाकिटंसुद्धा कधी लपवली नाहीत, त्या चन्नम्मालाही ते ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून तो लिहायला बसला. पहिली दोन पानं सरसर गेली. इमारतीच्या जागी आधी गुळाची वखार होती. सात अडत्यांनी एकत्र येऊन बँक काढली, तेव्हा वखार पाडून तिथंच दगडी जोतं घातलं. पण गूळ काही जागा सोडायला तयार नव्हता. पावसाळ्यात फरशीच्या सांध्यांतून त्याचा वास यायचा आणि मुंग्यांची रांग थेट कॅशियरच्या खुर्चीपर्यंत जायची. या बँकेचे पहिले ठेवीदार मुंग्याच, असं जुना कॅशियर म्हणायचा. तिजोरीच्या खोलीचा लोखंडी दरवाजा कोल्हापुरातून बैलगाडीत घालून आणला. बारा माणसांनी तो उतरवला, नारळ फोडला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की भिंती आधीच बांधून झाल्यात, दरवाजा आत न्यायला वाटच नाही. नवी भिंत पाडली, दरवाजा आत घेतला, भिंत पुन्हा बांधली. गवंड्यानं एका भिंतीची मजुरी दोनदा घेतली आणि वर संचालकांचे आभार मानले. हे लिहिताना सोमशेखरला स्वतःशीच हसू आलं.

मग तो गाळ्यांपाशी आला. रस्त्याच्या अंगाला चार गाळे होते. शिंपी, पंपाचे सुटे भाग विकणारा, किराणा दुकानदार, आणि जिन्याखालचा सगळ्यात लहान चौथा गाळा गैबी नायकवडीचा. गैबी बाइंडर होता. बँकेला रखवालदार होता, गाळेवाल्यांना तो परवडत नव्हता. म्हणून पहिल्या दिवसापासून पद्धत अशी पडली होती, की संध्याकाळी दुकान बंद केलं की किल्ली बँकेत आणून द्यायची. आत एका फळ्यावर चार खिळे होते, त्यावर किल्ल्या टांगायच्या आणि किल्ली रजिस्टरात सही करायची. सकाळी सही करून परत न्यायची. रजिस्टरात तारीख, गाळ्याचा नंबर, वेळ, सही आणि शेरा असे रकाने होते. शेऱ्याचा रकाना कायम कोरा असायचा, कारण किल्ली ठेवण्यात शेरा मारण्यासारखं काय असणार? ते रजिस्टर सोमशेखरकडे होतं. हिशोब चुकला तर चुकला, पण किल्ली चुकायची नाही, असं गाळेवाले म्हणायचे.

इथपर्यंत लिहून त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि उगाचच अंगणात जाऊन तुळशीला पाणी घातलं. चन्नम्मानं सकाळीच घातलं होतं.

गैबी आणि तो एकाच वयाचे. बँकेची सगळी खतावण्या-रजिस्टरं गैबीच बांधायचा. दोऱ्याला मेण लावून, पानांचा एकेक जुडगा सुईनं शिवत जायचा, कण्याला लाल कापड, कोपऱ्यांना चामडं. हातातली वही एकदा झटकायची आणि समोरच्याला द्यायची, ही त्याची सवय. म्हणायचा, “माझ्या वहीतलं पान उपटून दावा, दुकान सोडून जातो.” दुपारचा चहा दोघांचा एकत्र व्हायचा, जिन्याखाली, खळीच्या वासात. ईदेला गैबीची बायको कुलसुम शीरखुर्म्याचा डबा पाठवायची, बसवजयंतीला चन्नम्मा हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, द्यायची. कुलसुम सोमशेखरला अण्णा म्हणायची, आणि नुसतं म्हणायची नाही तर त्या नात्यानं रागवायचीसुद्धा. “अण्णा, तुम्ही सांगा ह्यास्नी, डोळं तपासून घ्या म्हणावं,” अशी तिची फिर्याद महिन्यातनं एकदा तरी ठरलेली.

त्र्याण्णव साली बँकेला मोठा हॉल करायचा होता. कॉम्प्युटर येणार होते. चेअरमन गणपतराव यांनी चारी गाळेवाल्यांना बोलावून सांगितलं, भरपाई घ्या आणि जागा सोडा. तिघांनी घेतली. गैबी म्हणाला, “बँक सोडून बाइंडरनं कुठं जायाचं साहेब? माशाला तळ्यातनं ऊठ म्हणताय तुम्ही.” कायदा त्याच्या बाजूचा होता, भाडं चुकलेलं नव्हतं. त्याला काढायचा म्हणजे पंधरा वर्षांचं कोर्ट. गणपतराव गप्प बसले, पण त्यांचं गप्प बसणं काही खरं नसायचं.

त्याच मे महिन्यात गारगोटीला गैबीची आई अंथरुणाला खिळली. संध्याकाळी गैबीनं नेहमीसारखी किल्ली टांगली, सही केली आणि म्हणाला, “म्हातारीचं काय खरं न्हाय. पंधरा दिस तरी लागतील. किल्लीकडं बघ, सोमण्णा.”

“तू जा बिनघोर,” सोमशेखर म्हणाला होता.

तिसऱ्या दिवशी गणपतरावांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. “बसा, सोमशेखरराव,” ते म्हणाले. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्या केबिनमध्ये त्याला कुणी ‘बसा’ म्हटलं नव्हतं आणि ‘राव’ तर घरातल्या जावयानंही लावलं नव्हतं. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

“हेडक्लार्कची जागा ह्या म्हैन्यात भरायची हाय. दोनदा तुमच्यावर अन्याय झाला, मला म्हाईत हाय,” गणपतराव म्हणाले. “आता ते रजिस्टर आना. गैबीच्या सहीम्होरं शेरा लिवायचा, ‘गाळ्याचा ताबा कायमचा सोडला.’ एवडंच. त्याला भरपाई देणारच हाय आपण, फुकट न्हाय घेत. त्याचंबी भलंच हाय त्यात.”

सोमशेखरनं रजिस्टर आणलं आणि लिहिलं. कुणी त्याचा हात धरला नव्हता. कुणी धमकी दिली नव्हती. नाही म्हटलं असतं तर फार तर हेडक्लार्कची जागा गेली असती, ती तशीही दोनदा गेलेलीच होती. हे त्यानं पुढं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते पाठ झालं, पण त्यानं काही बरं वाटायचं नाही. लिहून झाल्यावर गणपतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला आनंद झाला होता. तेरा वर्षं त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या आनंदाची.

आईला माती देऊन गैबी परत आला, तेव्हा जिन्याखाली गाळा नव्हता. भिंत पाडलेली होती आणि त्याचा दाबाचा प्रेस, कागद कापायचं यंत्र, सुयांची डबी, सगळं मागच्या आवारात ताडपत्रीखाली होतं. त्यानं भरपाईला हात लावला नाही. तो कोर्टात गेला.

शहाण्णव साली साक्षी झाल्या. किल्ली रजिस्टर घेऊन सोमशेखर बाकावर बसला होता. गैबीला त्याच्या वकिलानं पढवलं होतं, की ते पानच बदललंय, सहीसकट बनावट आहे, असं ठोकून सांग. बँकेच्या वकिलानं रजिस्टर गैबीच्या हातात दिलं. गैबीनं ते डोळ्यांजवळ नेलं. कण्यावरून अंगठा फिरवला, पान उलटून आतला दोरा बघितला आणि सवयीनं वही एकदा झटकली.

“पान बदललेलं हाय का?” न्यायाधीशांनी विचारलं.

“न्हाय साहेब. टाका माझा हाय. ह्या वहीत पान घालता येत न्हाय,” गैबी म्हणाला. त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला.

“सही तुमची?”

“माझीच.”

“मग शेरा?”

“त्यो मी सही केली तवा नव्हता.”

“कोणी लिहिला?”

गैबीनं बाकाकडं बघितलं. “ज्यानं लिवला त्यालाच इचारा, साहेब. त्यो हितंच हाय. खोटं बोलायचा न्हाय त्यो.”

आता यावर काय म्हणावं? खटल्यात उभा असलेला माणूस आपला सगळा खटला उचलून समोरच्या बाजूच्या साक्षीदाराच्या ओंजळीत टाकतो. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर गावानं त्याला खुळा म्हटलं असतं. गैबीलाही म्हटलंच.

दुपारी सोमशेखर पिंजऱ्यात उभा राहिला. शेरा सही झाली त्याच वेळी, गैबीच्या सांगण्यावरून लिहिला का, असं विचारल्यावर तो “होय” म्हणाला. न्यायाधीश म्हणाले, मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही. मग तो मोठ्यानं “होय” म्हणाला. गैबी खटला हरला.

हे सगळं सोमशेखरनं अंगणात उभ्या उभ्या पुन्हा एकदा आठवलं. मग घरात येऊन त्यानं कोरा कागद घेतला आणि न थांबता लिहिलं: ‘मे १९९३ मध्ये गाळा नं. ४ चे भाडेकरू श्री. गैबी नायकवडी आईच्या आजारपणामुळे परगावी असताना किल्ली रजिस्टरात त्यांच्या सहीपुढे मी खोटा शेरा लिहिला. त्यांनी गाळा सोडलेला नव्हता. पुढे कोर्टातही मी खोटे बोललो. बँकेचा आजचा हॉल त्यांच्या जागेवर उभा आहे.’ एवढ्या चार ओळी लिहायला आपल्याला तेरा वर्षं का लागली, हे त्याला कळेना.

चन्नम्मा भाजी निवडत होती. तिला त्यानं ते वाचून दाखवलं. मेथीची एक काडी तिच्या हातात तशीच राहिली.

“हेडक्लार्क झालासा तवा पेढं वाटलो की वो आपण,” शेवटी ती म्हणाली. “कुलसुमच्या घरलाबी दिलो, तिचा न्हवरा गारगोटीला असताना. मी स्वता नेऊन दिले. तिनं माझ्या त्वांडात एक घातला.”

सोमशेखरनं कागदाची घडी घातली.

“हुपरीला ऱ्हात्यात न्हवं ती आता? ल्योकाकडं? आदी जाऊन सांगा त्यास्नी. कागदाला सांगून काय हुतंय?”

“आधी छापून येऊ दे,” तो म्हणाला. “छापलेलं हातात असलं म्हणजे जायला त्वांड ऱ्हाईल.”

“त्वांड काय छापून येतंय व्हय?” चन्नम्मा म्हणाली आणि चुलीकडं गेली.

तरी त्यानं छापण्याचीच वाट बघितली. भित्र्या माणसाला वाट बघायला कारण पुरवायला देव नेहमीच तयार असतो. त्या ओळी लेखात उतरवून दिल्यावर दोन दिवसांनी शिवप्रसादचा फोन आला, “अण्णा, एक नंबर झालाय. मुंग्यांचं तर लईच भारी!” गैबीच्या ओळींबद्दल तो काही बोलला नाही. सोमशेखरनंही विचारलं नाही. न विचारता गोष्ट होऊन जाईल, अशी आशा त्याला वाटली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्याला नीट जेवण गेलं.

समारंभ त्याच हॉलमध्ये होता. दारात रांगोळी, आत खुर्च्या, पुढं फुलांनी मढवलेलं व्यासपीठ. व्यासपीठाचा डावा कोपरा बरोबर तिथं आला होता, जिथं गैबी मांडी घालून शिवायला बसायचा. सोमशेखरला फेटा बांधला, शाल-श्रीफळ दिलं आणि त्याच कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. प्रकाशन झालं. गुळगुळीत कागदाची स्मरणिका हातात आली. भाषणं चालू असताना त्यानं आपलं पान काढलं. वर त्याचा फोटो, खाली नाव. गूळ होता, मुंग्या होत्या, दोनदा बांधलेली भिंत होती, किल्ल्यांचा फळा होता. आणि त्यानंतर छापलं होतं: ‘पुढे बँकेच्या विस्तारासाठी सर्व गाळेधारकांनी स्वखुशीने जागा सोडून मोलाचे सहकार्य केले.’

त्यानं ते तीनदा वाचलं. स्वखुशीने. आधीची ओळ एका रजिस्टरात, एका रकान्यात होती. ही दोन हजार प्रतींत होती, त्याच्या फोटोखाली.

“आता आपल्या बँकेचे भीष्माचार्य हत्तीअण्णा दोन शब्द बोलतील,” निवेदिकेनं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. सोमशेखर उठला, माइकसमोर उभा राहिला. समोर चारशे माणसं होती. चन्नम्मा दुसऱ्या रांगेत होती आणि त्याच्याकडं टक लावून बघत होती.

“सगळ्यांचा आभारी हाय,” तो म्हणाला आणि खाली बसला. चन्नम्मानं मान वळवली.

जेवणाच्या मांडवात त्यानं शिवप्रसादला गाठलं. “माझ्या ओळी कुठं गेल्या?”

शिवप्रसादनं त्याला बाजूला घेतलं. चेहरा खरोखर अवघडलेला होता त्याचा. “अण्णा, लग्नात मर्तिकाचं बोलू ने. आनि खटला बँक जिंकलीया. मी काय कोर्टाचा निकाल खोटा हाय म्हणून छापू? निकाल तुमच्याच साक्षीवर झालाय न्हवं?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “इतकी वर्सं गप बसलासा. आता कशाला वो?”

पोरगं खरंच बोलत होतं.

चार दिवसांनी एका दुपारी सोमशेखरनं आपल्या हस्ताक्षरातला तो कागद खिशात घातला आणि हुपरीची एसटी धरली. चन्नम्मानं पाण्याची बाटली दिली, येऊ का म्हणून विचारलं नाही. वाटेत दोनदा त्याला उतरून परत फिरावंसं वाटलं. तिकीट काढलंय म्हणून बसून राहिला. माणसाला धीर कसला-कसला येतो बघा!

हुपरीत घराघरात चांदीचं काम. काशिफ नायकवडीचं घर विचारल्यावर एका बाईनं हातातल्या पैंजणानंच दिशा दाखवली. काशिफ हा गैबीचा मुलगा. पुढच्या खोलीत खिडकीशी गैबी बसला होता. नाकावर जाड भिंगाचा चष्मा, समोर पाटावर चांदीच्या बारीक कड्या, हातात चिमटा. कडीत कडी अडकवायची, दाबायची, पुढची घ्यायची. शिवायचा तेव्हा त्याचा हात जसा चालायचा तसाच चालत होता. सोमशेखर उंबऱ्यात उभा राहिला.

“कोन?” गैबीनं डोळे बारीक केले. मग चिमटा खाली ठेवला. “सोमण्णा. आत यी की. भाईर का हुबारलास?”

सोमशेखर बसला. खोलीत एक खाट होती, एक फळी होती. फळीवर स्मरणिका होती. गैबीचा दहा रुपयांचा एक शेअर अजून बँकेत होता, त्यामुळं सभासद म्हणून त्याला ती पोस्टानं आली होती. सोमशेखरची नजर तिकडं गेलेली बघून गैबीनं हात लांबवून ती घेतली.

“पिना मारल्यात रं,” तो म्हणाला. “दोन पावसाळ्यांत गंजून पानं सुटत्यात. काडल्या आनि शिवली.” आणि त्यानं वही झटकावी तशी स्मरणिका एकदा झटकून सोमशेखरपुढं धरली. मधोमध, पांढऱ्या दोऱ्याचे सारखे टाके.

“वाचलीस?” सोमशेखरनं विचारलं.

“वाचली की. मुंग्यांचं झ्याक लिवलंयस.”

“गैबी, त्यातली शेवटची ओळ माझी न्हाय.” सोमशेखर म्हणाला. त्यानं खिशातला कागद काढला. “मी हे लिवलं हुतं. त्यांनी छापलं न्हाय.”

गैबीनं कागद घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि सावकाश, ओठ हलवत वाचला. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. वाचून झाल्यावर त्यानं कागदाची मूळची घडी तशीच घातली.

“चुकलं माझं,” सोमशेखर म्हणाला. एवढी वर्षं जुळवून ठेवलेलं सगळं विसरून गेलं आणि एवढंच उरलं. “लई मोटं चुकलं. जागंपायी केलं मी. मला राव म्हनले म्हणून केलं, गैबी.”

गैबीनं चांदीच्या कड्या बोटानं एका बाजूला सारल्या.

“तुला एक म्हाईत न्हाय,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “त्या दिशी कोर्टाची जेवनाची सुट्टी झाली न्हवं? वकील लई तापला माझ्यावर. म्हनला, खुळ्या, पान तुझं हाय म्हणून सांगून बसलास. पर अजून एक वाट हाय. सही निळी हाय आनि शेरा काळा. एकाच येळंला लिवला म्हंत्यात, मग शाई दोन कशी? आत्ता अर्ज करू, शाई तपासाया पुण्याला धाडू. तीन म्हैन्यांत उजेडात ईल म्हनला.”

सोमशेखरला ते पेन आठवलं. गणपतरावांच्या टेबलावरचं होतं ते.

“मग?” त्यानं विचारलं.

“मी न्हाय म्हनलो,” गैबी म्हणाला. “पुण्याला कशाला धाडायचं? जेवून आलं की सोमण्णा हुबा ऱ्हानार हाय. सांगंल की त्यो.” त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “तू पयल्यांदा व्हय म्हनलास तवा मला ऐकूच आलं न्हाय. दुसऱ्यांदा आलं.”

बाहेर कुणाच्या तरी घरात चांदी ठोकत होते. सोमशेखरला रडू येत होतं, पण इथं रडायचाही आपल्याला हक्क नाही असं वाटून त्यानं ते दाबलं. गैबीनं घडी घातलेला कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

“ह्यो घिऊन जा. मला काय कराचा? मला म्हाईतच हाय की हे.”

एवढं बोलून त्यानं चष्मा लावला, चिमटा उचलला आणि पुढची कडी घेतली. त्यानं जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही, माफ केलं असंही म्हटलं नाही. कडीत कडी अडकत राहिली.

आतला पडदा हलला. कुलसुम कपबशी घेऊन आली. केस सगळे पांढरे झाले होते, एका पायानं किंचित लंगडत होती. सोमशेखर उठून उभा राहिला. तिनं एकदा अण्णा म्हणावं आणि मग वाटेल तेवढं बोलावं, शिव्या द्याव्यात, बँकेचं नाव काढावं, पेढ्याचं नाव काढावं, असं त्याला फार वाटलं. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि कपबशी त्याच्यापुढं धरली.

“चा घ्या, पावणं,” ती म्हणाली. “सव्वापाचला कागलची यष्टी हाय.”

सोमशेखरनं बशी दोन्ही हातांनी धरली. चहा चांगला होता, आलं घातलेला, घरी परका माणूस आला की करतात तसा. तो संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.